ठाणे खाडीचं अभयारण्य: चिखल, तिवरं आणि रोहित पक्षी, खाडीकाठच्या गावांनी काय माहीत करून घ्यावं

ओहोटी लागली की ठाणे खाडीचं पाणी मागे सरतं आणि दूरवर काळा चिखल उघडा पडतो. पुलावरून जाणाऱ्याला तो ओसाड, नासका वाटतो. पण याच चिखलावर हिवाळा-उन्हाळ्यात हजारो रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, पोट भरतात. याच पाण्यातून कोळ्याच्या जाळ्यात बोय, कोळंबी, चिंबोरी येते. आणि उधाणाचं पाणी वस्तीत शिरायच्या आधी इथल्याच चिखलात आणि तिवरांत पसरून त्याचा जोर मोडतो.

खाडी मुंबई-ठाण्याला चिकटून असली तरी हा फक्त शहराचा विषय नाही. उरण, पनवेल, पेण, अलिबागच्या खाड्यांमध्येही हाच चिखल आहे, हीच खारफुटी आहे आणि कायदेही बरेचसे हेच लागू होतात. बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलेल्या शेतकऱ्याला आणि खाडीत जाळं टाकणाऱ्याला हे नियम माहीत असलेले बरे. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

एका नजरेत

- नाव: ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य
- घोषणा: ६ ऑगस्ट २०१५, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली
- क्षेत्र: १,६९० हेक्टर. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाण्याखालचा भाग
- जागा: ऐरोली पूल आणि वाशी पूल यांच्या दरम्यान, मुख्यतः खाडीचा पश्चिम काठ
- राज्यातलं दुसरं सागरी अभयारण्य. पहिलं मालवणचं, १९८७ सालचं
- पर्यावरण संवेदनशील क्षेत्र: २०२१ मध्ये जाहीर, सुमारे ४८ चौरस किलोमीटर
- रामसर यादीत समावेश: २०२२, सुमारे ६,५२१ हेक्टर

खाडी कशी बनली आहे

ठाणे खाडीची लांबी साधारण २६ किलोमीटर. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. उत्तरेला ठाण्याजवळ ती अगदी चिंचोळी होते आणि तिथे तिचा उल्हास नदीच्या खाडीशी बारीकसा संबंध येतो. म्हणजे हिला वरून मोठ्या नदीचा जोर नाही. पाणी येतं ते मुख्यतः समुद्राच्या भरतीचं, आणि पावसाळ्यात दोन्ही काठांच्या नाल्यांचं.

इथे दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. रोजची वेळ आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतं, अष्टमीच्या आसपास भांग असते. मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या घरात चढतं. हे पाणी गाळ घेऊन आत येतं, आत त्याचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो. वर्षानुवर्षं असा गाळ साचून चिखलाचे सपाट पट्टे तयार होतात.

काठाकडून पाण्याकडे गेलं तर साधारण तीन पट्टे दिसतात. सगळ्यात वर, जिथे फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथे खारट माळ. त्यावर मोरससारख्या जाड, रसाळ पानांच्या वनस्पती आणि खारं गवत. जुनी मिठागरंही याच पट्ट्यात. त्याच्या खाली खारफुटी. आणि तिच्याही खाली, रोज दोनदा झाकला-उघडला जाणारा उघडा चिखल. तिन्ही पट्टे एकमेकांवर अवलंबून आहेत. एक भरला की दुसऱ्याचं बिघडतं.

चिखलात काय पिकतं

खाडीतल्या चिखलाला वास येतो तो घाणीमुळेच, असा समज आहे. तो पूर्ण खरा नाही. चिखलाच्या खालच्या थरात हवा पोचत नाही. तिथले जिवाणू पालापाचोळा कुजवतात तेव्हा गंधकाचा वायू सुटतो आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. सांडपाणी मिसळलं की वास वाढतो, हेही तितकंच खरं.

तिवराची पानं गळून चिखलात पडतात, कुजतात आणि बारीक जिवांचं खाद्य होतात. त्यावर गांडुळासारखे जीव, गोगलगायी, शिंपले, खेकडे जगतात. खेकड्याची बिळं म्हणजे शेतातल्या नांगरटीसारखं काम: त्यातून हवा आणि पाणी खाली जातं. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी निवटी तर खाडीकाठच्या पोरांनाही ओळखीची. कोळंबी आणि कित्येक मासे यांची पिल्लं लहानपण इथे काढतात आणि मोठी झाल्यावर खोल पाण्यात जातात. म्हणून खाडीतला चिखल भरला तर नुकसान फक्त खाडीतल्या कोळ्याचं होत नाही, बाहेर समुद्रात जाणाऱ्या होडीचंही होतं.

तिवर, कांदळ, चिप्पी

आपण बोलताना सगळ्यालाच तिवरं किंवा खारफुटी म्हणतो. सरकारी कागदात शब्द असतो कांदळवन. पण झाडं वेगवेगळी आहेत. ठाणे खाडीत सगळ्यात जास्त दिसतं ते तिवर. खारं पाणी आणि बऱ्यापैकी प्रदूषणही ते सहन करतं. त्याच्या बुडाशी चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली दिसतात, ती श्वास घ्यायची मुळं. चिखलात हवा नाही, म्हणून झाडाने काढलेला हा मार्ग. या मुळांवर राडारोडा किंवा माती टाकली की झाड गुदमरतं आणि काही दिवसांत वाळतं. कुऱ्हाड न लावता झाड मारायची ही रीत आहे. कायद्याच्या नजरेत तोही गुन्हाच.

कांदळाला कमानीसारखी मुळं असतात आणि त्याचं बी झाडावरच रुजून लांब शेंगेसारखं लोंबतं. पांढऱ्या चिप्पीला २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून मान मिळाला. अशा दर्जाचं झाड जाहीर करणारं महाराष्ट्र देशातलं पहिलं राज्य.

या झाडीत कोल्हेही राहतात. रात्री खाडीकाठी कोल्हेकुई ऐकू आली तर घाबरायचं कारण नाही. ते बहुतेक खेकडे आणि मिळेल ते खाऊन जगतात. त्यांना खायला टाकू नये, एवढंच.

रोहित येतात कुठून, खातात काय

इथे दोन जातींचे रोहित येतात. मोठा रोहित माणसाच्या छातीला लागेल एवढा उंच, पांढरट, फिकट गुलाबी. गुजरातचा तो राज्यपक्षी. लहान रोहित उंचीने कमी पण रंगाने गडद, आणि त्याची चोच काळपट लाल. ठाणे खाडीत गर्दी असते ती मुख्यतः लहान रोहितांची. जगात या जातीची संख्या घटत असल्यामुळे ती संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे.

पावसाळा संपला की ते येऊ लागतात आणि मे-जूनपर्यंत राहतात. पाऊस सुरू झाला की बहुतेक पक्षी गुजरातकडे, कच्छच्या रणाकडे जातात. तिथे चिखलाचे उंचवटे करून त्यावर अंडी घालतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने, म्हणजे बीएनएचएसने, २०२२ मध्ये इथल्या काही रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली. त्यातूनही इथल्या पक्ष्यांचं गुजरातशी असलेलं नातं दिसून आलं. याच संस्थेच्या मोजणीत २०१९ मध्ये मुंबई परिसरात रोहितांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती.

रोहित चोच उलटी करून पाण्यात धरतो आणि जिभेने पाणी आत-बाहेर करतो. चोचीच्या कडांना चाळणी असते. लहान रोहित त्यातून मुख्यतः निळं-हिरवं शेवाळ गाळतो, मोठा रोहित बारीक कोळंबीसारखे जीवही खातो. या खाण्यातल्या रंगद्रव्यानेच पिसं गुलाबी होतात. पिल्लू करडं असतं. कळपात मळकट रंगाचे पक्षी दिसले तर ते आजारी नसतात, लहान असतात.

इतके पक्षी इथेच का? अभ्यासक त्याचं एक कारण सांगतात ते विचित्र आहे. शहराच्या सांडपाण्यातून खाडीत नत्र-स्फुरद येतं, त्यावर शेवाळ माजतं आणि लहान रोहितांना खाद्य मिळतं. पण याचा अर्थ सांडपाणी चांगलं असा नाही. तेच पाणी प्राणवायू खाऊन टाकतं आणि मासे जगत नाहीत. रोहित वाढले म्हणून खाडी सुधारली, असं म्हणता येणार नाही.

रोहितांखेरीज दोनशेहून जास्त जातींचे पक्षी इथे नोंदले गेले आहेत. उचाट्या, शेकाट्या, तुतवार, चिखले, कुरव, सुरय असे कित्येक. काही सायबेरिया आणि मध्य आशियातून येतात.

भरतीला पक्षी कुठे जातात?

हा प्रश्न साधा वाटतो, पण बरेच वाद इथूनच सुरू होतात. भरतीला चिखल पाण्याखाली जातो. लांब पायाचा रोहितही मग खाडीत उभा राहू शकत नाही. पुढचे काही तास त्याला जवळच उथळ पाण्याची शांत जागा लागते. ती जागा म्हणजे काठावरची तळी, जुनी मिठागरं, पाणथळ जमिनी. नेरूळचा टी. एस. चाणक्य परिसर, एनआरआय संकुलामागची तळी, भांडुप पंपिंग स्टेशन, आणि आपल्या उरण तालुक्यातले पाणजे, भेंडखळ, बेलपाडा हे भाग त्यासाठी महत्त्वाचे आहेत, असं बीएनएचएसने सांगितलेलं आहे.

अडचण अशी की या जागा अभयारण्याच्या हद्दीत नाहीत. शिवडीचा प्रसिद्ध चिखलपट्टा, ज्याच्यावरूनच २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू निघतो, तोही हद्दीबाहेरच. नकाशावर रेघ मारता येते, पक्ष्याला ती दिसत नाही. नेरूळच्या एका तलावात भरतीचं पाणी येणं अडल्यानंतर २०२४ मध्ये रोहितांचे मृत्यू झाले आणि पाण्याचं तोंड मोकळं करा म्हणून लोकांना आवाज उठवावा लागला. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरला विमानाची धडक बसून तीसहून जास्त रोहित मेले.

संरक्षण कसं मिळत गेलं

टप्पे असे:

- १९९१: किनारपट्टी नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची पहिली अधिसूचना. नंतर २०११ आणि २०१९ मध्ये नव्या.
- २००५: मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात कांदळवन तोडायला आणि त्याच्या ५० मीटर परिसरात बांधकामाला मनाई केली. त्याच वर्षी २६ जुलैच्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता आणि पाणी पसरायला जागा का लागते ते सगळ्यांनी पाहिलं.
- २०१२: वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष.
- २०१५: अभयारण्याची घोषणा.
- २०१८: उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल. कांदळवन नष्ट करणं म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्कावर घाला, असं न्यायालयाने म्हटलं. जमीन कोणाच्याही मालकीची असो, संरक्षण लागू.
- २०२१: अभयारण्याभोवती पर्यावरण संवेदनशील क्षेत्र.
- २०२२: रामसर यादीत समावेश. राज्यात आधी नांदूर मधमेश्वर आणि लोणार होते, हे तिसरं.

रामसर हे इराणमधलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ ला पाणथळ जागांबाबत देशोदेशींचा करार झाला. भारत त्यात १९८२ पासून आहे. यादीत नाव आलं म्हणजे परदेशी कोणी ताबा घेत नाही. जमीन, कायदा, कारभार सगळं आपलंच राहतं. पण ही जागा राखू, असा शब्द देशाने जगाला दिलेला असतो.

कोळी-आगरी गावांचं काय?

दिवाळे, सारसोळे, वाशीगाव, घणसोलीसारखी गावं शहराच्या आधीपासूनची. खाडी हेच त्यांचं शेत. जुनी माणसं सांगतात की पूर्वी काठाजवळ जिताडा, मोठी चिंबोरी, कालवं, खुबे सहज मिळायचे. १९६० च्या दशकापासून ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, दोन्ही काठांना शहरं वाढली, रसायनं आणि सांडपाणी खाडीत आलं. भराव आणि पुलांमुळे गाळ वाढला, पाण्याची खोली कमी झाली. होडी पूर्वी जिथे तरंगायची तिथे आता ओहोटीला चिखलात रुतते.

अभयारण्य झालं तेव्हा कोळी बांधवांची पहिली भीती हीच होती की आता जाळंही टाकू देणार नाहीत. याबाबत कायद्यातच तरतूद आहे. समुद्राच्या पाण्यात अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं हित राखण्यासाठी पुरेशी काळजी घ्यावी, असं वन्यजीव कायदा सांगतो. म्हणून मच्छीमार सोसायट्यांनी आपल्या वहिवाटीच्या जागा, जाळ्यांचे प्रकार आणि होड्यांची नोंद कागदावर ठेवावी. तोंडी हक्क कचेरीत टिकत नाही.

दुसरं असं की खारफुटी आणि मासेमारी एकमेकांच्या विरोधात नाहीत. चिंबोरी पालन, कालवं पालन, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन यासाठी राज्याची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आहे. किनारी जिल्ह्यांतल्या गावांत गट करून ती घेता येते. चौकशी कांदळवन कक्षाच्या जवळच्या कार्यालयात करावी.

खारभूमीच्या शेतकऱ्यासाठी

पेण, अलिबाग, उरणच्या खारपट्ट्यात नेहमी ऐकू येणारी कैफियत वेगळी आहे. उधाणाने बांधाला खांड पडते. दुरुस्ती वेळेत होत नाही. पिकत्या भातशेतीत खारं पाणी भरतं आणि दोन-तीन वर्षांत तिथे तिवरं उगवतात. मग सातबारा शेतकऱ्याचा, पण झाड तोडता येत नाही.

ही अडचण खरी आहे आणि सोपं उत्तर नाही. पण तीन गोष्टी हातात आहेत. एक, खांड पडली की लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, खारभूमी विभाग आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि तारखेसह फोटो ठेवावेत. दोन, नुकसानीचा पंचनामा मागावा. तीन, उगवलेली तिवरं स्वतः तोडू नयेत किंवा त्यावर भराव टाकू नये. मालकी खाजगी असली तरी गुन्हा दाखल होतो. जी काही मागणी करायची ती वेळेवर दिलेल्या अर्जाच्या जोरावर करता येते. तोडून बसलं की बाजू पडते.

उघाडी नीट चालते ना, हेही गावाने बघावं. उघाडी बुजली तर शेतातलं पाणी बाहेर जात नाही, आणि खारफुटीला लागणारं भरतीचं पाणी अडवलं तर तीही मरते.

काय चालत नाही

- कांदळवन तोडणं, जाळणं, त्यावर राडारोडा किंवा माती टाकणं.
- कांदळवनाच्या ५० मीटर परिसरात परवानगीशिवाय बांधकाम. हजार चौरस मीटरहून मोठ्या कांदळवनाला २०१९ च्या सीआरझेडमध्येही ५० मीटरचा पट्टा आहे.
- चिखलपट्टे आणि खारट माळ भरून जमीन करणं. सीआरझेडमध्ये हे दोन्ही सगळ्यात कडक, म्हणजे पहिल्या वर्गात आहेत.
- अभयारण्यात येणारं किंवा बाहेर जाणारं पाणी परवानगीशिवाय अडवणं, वळवणं.
- पक्षी मारणं, पकडणं, उडवून लावणं.

शिकार सोडून अभयारण्यातल्या इतर गुन्ह्यांना साधारणपणे तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं; शिकारीला शिक्षा याहून कडक आहे.

एक पळवाटही माहीत असावी. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांत मीठ पिकवण्यासाठी किंवा मत्स्यपालनासाठी मुद्दाम बांधलेल्या जागा धरलेल्या नाहीत. त्यामुळे मिठागराला या नियमांचं कवच मिळत नाही, तिथे सीआरझेडचा आधार घ्यावा लागतो. तक्रार लिहिताना योग्य कायद्याचं नाव घातलं तर अर्ज परत येत नाही.

झाडं लावतानाही विचार हवा

पर्यावरण दिनाला उघड्या चिखलावर खारफुटीची रोपं लावायची पद्धत पडली आहे. हेतू चांगला, पण जागा चुकते. उघडा चिखल म्हणजे पक्ष्यांचं ताट. तिथे झाडी झाली की चिखलात चरणारे पक्षी उतरत नाहीत. रोपं लावायची ती जिथे पूर्वी खारफुटी होती आणि तोडली गेली तिथे, आणि भरतीचं पाणी पोचतं हे बघून. अनेकदा बुजलेलं पाण्याचं तोंड मोकळं केलं तरी पुरतं. बी आपोआप वाहून येतं आणि रुजतं.

तक्रार कुठे करायची

वन विभागाचा मदत क्रमांक १९२६. तोडणी, भराव किंवा जखमी पक्षी दिसला तर आधी इथे फोन करावा. त्यासोबत तहसीलदार आणि कांदळवन कक्षाला लेखी अर्ज द्यावा. अर्जात गट क्रमांक, गावाचं नाव, तारीख, वेळ आणि मोबाईलवरून लोकेशनसह काढलेला फोटो जोडावा. डंपरचा नंबर दिसत असेल तर उत्तम. पण रात्री एकट्याने गाडी अडवायला जाऊ नये. सीआरझेडचा नकाशा जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळतो. आपल्या गावची भरती रेषा कुठून जाते ते ग्रामपंचायतीने एकदा बघून ठेवावं.

बघायला जायचं असेल तर

ऐरोलीला वन विभागाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून खाडीत बोटीची फेरी मिळते. वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी चौकशी करूनच निघावं. नोव्हेंबर ते मे हा काळ चांगला, त्यातही जानेवारीनंतर गर्दी जास्त. शाळेच्या सहलीसाठी ही जागा योग्य आहे. बोटीत आरडाओरडा करू नये, पक्षी उडावेत म्हणून टाळ्या वाजवू नयेत, ड्रोन उडवू नये. पक्षी एकदा उडाला की त्याचं खाणं थांबतं, आणि त्याला खायला वेळ मिळतो तो फक्त ओहोटीपुरता.